गुंठ्यात लाख लिटर

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन. १,०८९ चौरस फूट. परभणीत वसमत रोडला जा, जिंतूर रोडला जा की गंगाखेड रोडला, जागेची बोलणी गुंठ्यावर सुरू होतात आणि गुंठ्यावरच संपतात. एन.ए. झालाय का, सातबारा कुणाच्या नावावर, रस्ता किती फुटी, तोंड दक्षिणेला तर नाही ना, एवढं सगळं विचारून होतं. या गुंठ्यात पाणी किती मावत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारलं तर उत्तर पाचवीतल्या पोरालाही काढता येईल. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर मीटरभर पाणी उभं राहिलं, तर ते १ लाख १ हजार लिटर भरतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर, एका गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांच्या एकरात ४० लाख लिटर. आणि हेक्टरात? शंभर मीटर गुणिले शंभर मीटर गुणिले एक मीटर. बरोबर एक कोटी लिटर.

कोटी लिटर हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मराठवाड्याला आठवणारं एक माप घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. तिचं नाव ‘जलदूत’. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आलं. पुढे ५० वाघिणींची गाडी लागली आणि एका खेपेत २५ लाख लिटर येऊ लागलं. देशभरच्या वाहिन्यांनी ती गाडी दाखवली, स्टेशनावर तिचं स्वागत झालं. त्या ५० वाघिणींच्या चार गाड्या म्हणजे एक हेक्टर खोलगट जमीन आणि तिच्यावरचं कमरेइतकं पाणी. एवढंसं पाणी परभणी जिल्ह्यात पावसाळ्यात कुठल्याही शिवारात उभं असायचं. त्याची बातमी होत नव्हती.

आता वरून पडणारं पाणी मोजू. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. परभणीला शंभर मिलिमीटरचा दिवस नवा नाही. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्याने तसाच पाऊस पाहिला. परभणी महापालिकेचं क्षेत्र सुमारे ५७ चौरस किलोमीटर आहे. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस सरसकट पडला तर खाली आलेलं पाणी होतं ५७० कोटी लिटर. जलदूतच्या २,२८० खेपा, एका दिवसात, फुकट. टँकरमध्ये भरायचं म्हटलं तर दहा हजार लिटरचे ५ लाख ७० हजार टँकर लागतील. एक टँकर आठ मीटर लांबीचा धरला आणि नाकाला शेपूट लावून ते उभे केले, तर रांग साडेचार हजार किलोमीटरच्या वर जाते. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्गही तिला कमी पडेल.

अजून एक हिशेब. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार १७० होती. त्या एका दिवसाच्या पावसातून प्रत्येकाच्या वाट्याला साडेअठरा हजार लिटर पाणी येतं. शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने एका दिवसाचा पाऊस सगळ्या शहराला १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने पुरेल. अर्थात सगळं पाणी कुणालाच धरता येत नाही. पण ते कुठेतरी जाणार, हे नक्की. ते कुठे जाणार हे दोन गोष्टी ठरवतात: जमिनीचा उतार आणि जमिनीची माती.

परभणीची माती हा स्वतंत्र विषय आहे. उत्तरेला जिंतूरच्या टेकड्या, दक्षिणेला बालाघाटाची धार, आणि मधे गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठाने पसरलेली काळी, सपाट जमीन. या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ की शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडून अंथरले, तर ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. म्हणजे एका ग्रॅममध्ये सात गुंठे. चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम घेतलं तर जवळजवळ एकर. प्लॉटिंगवाल्यांना हे अजून कळलेलं नाही, हे बरं आहे.

एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटलं की माती फुगते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडलेलं वावर मृगात गटागटा पाणी पितं. एकदा का ओल पुरी झाली, की भेगा मिटतात आणि तेच वावर तोंड मिटून बसतं. भिजलेल्या काळ्या मातीतून पाणी खाली उतरण्याचा वेग ताशी एक मिलिमीटरच्याही आत येतो. वरून तासाला चाळीस मिलिमीटर कोसळत असताना खाली एकही उतरत नाही. त्या मातीखाली बेसॉल्ट. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा असून त्याच्या अखंड कातळात पाण्याला शिरायला जागा फारच थोडी. तेव्हा परभणीसारख्या मुलखात भादव्यातलं पाणी ‘जिरवायचं’ म्हणणाऱ्याला आधी ते कुठेतरी थांबवून ठेवावं लागतं. ती थांबण्याची जागा म्हणजे पाणथळ. गावतळं, पाझर तलावाच्या वरचा दलदलीचा पट्टा, नाल्याच्या वळणावरचा खोलगट तुकडा, कालव्याच्या कडेचं चिबड. शहराच्या नकाशावर यांना नाव नसतं. सातबाऱ्यावर असलं तर ‘पोटखराबा’ असतं.

महसूल नियमांत पोटखराब्याचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे पिकाला निरुपयोगी. ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, तळं वगैरे सार्वजनिक कामासाठी सोडलेली जागा. शेतसारा ठरवणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच रकान्यात, कारण दोन्हींतून वसूल शून्य. लाख लिटरचा गुंठा वसुलीच्या वहीत शून्य होतो, आणि पुढे शहर वाढलं की नेमका तोच गुंठा सर्वांत स्वस्त मिळतो. परभणी शहराने २००१ ते २०११ या दहा वर्षांत जवळपास अर्धा लाख माणसं सामावली. एवढ्या माणसांना घरं लागणार, त्यात कुणाचा काय दोष? ज्याची ऐपत कमी तो खालच्या अंगाला घर बांधतो. खालच्या अंगाला म्हणजे पाण्याच्या जागेत.

मग कायदा काय करतो? इथे एक गंमत आहे, आणि ती तीन मिलिमीटरची आहे.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशभरच्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह तयार केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतात ७ लाख ५७ हजार ६० पाणथळी निघाल्या. एकूण क्षेत्र दीड कोटी हेक्टरांच्या वर, देशाच्या भूभागाच्या पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात ४४,७१४. हा नकाशा १:५०,००० या प्रमाणाचा होता. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. अशा नकाशावर तीन मिलिमीटर गुणिले तीन मिलिमीटरपेक्षा लहान आकृती नीट काढता येत नाही. तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १५० मीटर. १५० गुणिले १५० म्हणजे २२,५०० चौरस मीटर, म्हणजे २.२५ हेक्टर. एवढ्या आकाराची आणि त्याहून मोठी २ लाख १ हजार ५०३ पाणथळं नकाशावर रेषेने काढली गेली. उरलेली ५ लाख ५५ हजार ५५७ नुसत्या ठिपक्यांनी दाखवली, आणि प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्र सरसकट एक हेक्टर धरलं. महाराष्ट्राच्या आकड्यातही निम्म्याच्या आसपास असे ठिपकेच आहेत.

नकाशा काढणाऱ्यांची यात चूक काही नाही. पेन्सिलीला मर्यादा असतेच. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. के. बालकृष्णन यांच्या याचिकेत संरक्षणाचा आदेश दिला, तो त्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळांसाठी. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नकाशासंग्रहाच्या आधारे ही संख्या २ लाख ३१ हजार १९५ झाली आणि राज्यांना जागेवर जाऊन हद्दी आखायला सांगितलं गेलं. उंबरठा तोच राहिला, २.२५ हेक्टर. कागदावरचे तीन मिलिमीटर अशा रीतीने न्यायाच्या दारातली उंची ठरवून बसले.

त्या दाराबाहेर काय राहिलं, तेही मोजून पाहू. २.२५ हेक्टर म्हणजे २२२ गुंठे. २२१ गुंठ्यांचं तळं यादीत नाही. त्यात मीटरभर पाणी धरलं तर सव्वादोन कोटी लिटर, म्हणजे जलदूतच्या नऊ खेपा बाहेर. आणि देशभरचे ते साडेपाच लाख ठिपके? हेक्टरी मीटरभर पाणी धरलं तर ५,५५५ दशलक्ष घनमीटर. आपल्या वर्तमानपत्री भाषेत ५,५५५ दलघमी. जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण काठोकाठ भरलं की ९३४ दलघमी. म्हणजे जवळपास सहा येलदरी ठिपक्यांत वाहून गेल्या.

येलदरीचंच बघा. पूर्णेवरचं हे धरण १९६८ चं. त्याच्या पोटातलं पाणी जलदूतने वाहायचं म्हटलं तर ३ लाख ७३ हजार ६०० खेपा. रोज एक गाडी सोडली तर एक हजार तेवीस वर्षं. चालुक्यांच्या काळात सुरू केलेलं काम आत्ता कुठे संपलं असतं. एवढा अजस्र जलाशय, हिवाळ्यात त्याच्या उथळ काठांवर दूरदेशीचे पक्षी. नकाशासंग्रहात तो पाणथळ म्हणून मोजला जातो. पण २६ सप्टेंबर २०१७ च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांत तो बसत नाही, कारण पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. नदीचं पात्र वगळलेलं आहे. भातशेती वगळलेली आहे. भातशेतीचं परभणीला सुखदुःख नाही, पण बाकीच्या दोन्हींचं आहे. येलदरी आणि सेलूजवळचा निम्न दुधना सिंचनासाठी बांधलेले, म्हणून बाहेर. गावतळी लहान, म्हणून न्यायालयाच्या यादीबाहेर. गोदावरी नदी, म्हणून बाहेर. मराठवाड्यात नैसर्गिक सरोवरं मुळातच दुर्मीळ. नदी, माणसाने बांधलेलं आणि लहान तळं हे तिन्ही वजा केल्यावर परभणी जिल्ह्याच्या सव्वासहा हजार चौरस किलोमीटरांत काय उरतं, याचा विचार ना त्या व्याख्येने केलेला आहे, ना यादीने.

त्याच नियमांत एक तरतूद मोलाची आहे. पाणथळीच्या गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करायचं नाही. ऐकायला साधं आहे. पण मोजा. २२२ गुंठ्यांचं गोल तळं घेतलं तर त्याच्याभोवती ५० मीटरची कड भरते सुमारे ३४० गुंठे. तळ्यापेक्षा तळ्याची कड दीडपट मोठी! शहराला लागून असलेल्या जमिनीत ३४० गुंठे म्हणजे साडेआठ एकर. ज्याची ती जमीन आहे त्याला त्याबदल्यात काय, याचं उत्तर नियमात नाही. म्हणून कुठलंही तळं अधिसूचित करायची वेळ आली की गावात आधी कुजबुज आणि मग हरकतींचा पाऊस येतो. हरकत घेणाऱ्यांना लोभी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. साडेआठ एकर हा कुणाच्याही पोटाचा प्रश्न आहे. रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदला मिळतो, पाण्यासाठी अडकली तर का नाही?

मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहतो आणि तोवर हायवा ट्रक सुरू होतात. २.२५ हेक्टरांच्या खोलगट जागेत एक मीटर भर घालायची तर २२,५०० घनमीटर मुरूम लागतो, म्हणजे साधारण ७,९५० ब्रास. हायवात पाच ब्रास धरले तर १,५९० खेपा. दिवसाला वीस खेपा म्हटल्या तर ऐंशी दिवस. दिवाळीनंतर सुरुवात केली तर संक्रांत उलटून काही दिवसांत पाणथळ संपलं. तो मुरूमही कुठल्यातरी टेकडीचा. तिथला खड्डा वेगळाच.

आणि पाणी? मीटरभर मावायची जागा गेली म्हणून त्या वर्षी ढग कमी पाणी आणत नाहीत. ते सव्वादोन कोटी लिटर शेजारी पसरलं आणि फूटभर उंचीने उभं राहिलं, तर जवळपास साडेसात हेक्टर व्यापतं. सुमारे ७३० गुंठे. २२२ गुंठ्यांतलं पाणी बाहेर काढलं की ७३० गुंठ्यांत गुडघ्याखाली पाणी. तळं आधीच तुडुंब असेल तर हा हिशेब सैल पडतो, हे खरं. पण पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या पावसाला आपली तळी क्वचितच भरलेली असतात. त्यात घरांची छपरं, फरशी घातलेली अंगणं, सिमेंटचे रस्ते. उघड्या शेतातून पावसाच्या पाण्याचा पाव हिस्सा वाहून जात असेल असं धरा आणि बांधलेल्या जागेतून ८५ टक्के. एका एकरावर शंभर मिलिमीटर पडले तर पूर्वी लाखभर लिटर नाल्याला यायचं, आता साडेतीन लाखांच्या जवळ येतं. फरक चोवीस टँकरचा, दर एकरी. परभणीच्या पिंगळगड नाल्याला शहर वाढल्याचं कळतं ते असं.

परभणी ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होती, ते राज्य हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलं होतं. २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला पूर आला आणि काही तासांत हजारो माणसं गेली. पंधरा हजारांचा अंदाज सांगितला जातो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने शहराच्या वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. १९९६ मध्ये आंध्र सरकारने आदेश क्रमांक १११ काढला: या दोन तलावांच्या दहा किलोमीटरच्या परिघात मोठी वसाहत नाही, कारखाना नाही. ८४ गावं, सुमारे १ लाख ३२ हजार एकर. आपल्या मापात जवळपास ५३ लाख गुंठे. ५० मीटरवर हुज्जत घालणाऱ्यांनी हे दहा किलोमीटर लक्षात ठेवावेत. आणि हेही, की २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ते निर्बंध उठवण्याचं पाऊल उचललं. ५३ लाख गुंठ्यांचा दबाव पंचवीस वर्षं धरून ठेवला होता, हेच नवल.

जगाचा आकडा तर वेडं करणारा आहे. रामसर कराराच्या २०२५ च्या जागतिक अहवालानुसार १९७० पासून पृथ्वीवरच्या ४१ कोटी १० लाख हेक्टर पाणथळी नाहीशा झाल्या. सव्वा भारत. एवढ्या मोठ्या आकड्याचं काय करायचं? ५५ वर्षांच्या महिन्यांनी भागून बघा. दर महिन्याला सव्वासहा लाख हेक्टर येतात, आणि परभणी जिल्ह्याचं क्षेत्र तेवढंच आहे. जग दर महिन्याला एक परभणी जिल्हा भरून पाणथळी गमावत आलं आहे, पंचावन्न वर्षं, एकही महिना न चुकता.

आता उन्हाळ्याकडे वळू, कारण परभणीकराला पुराहून ऊन जास्त ओळखीचं. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या पुढे जातो. तळ्यावरून रोज सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं असं धरू. प्रत्यक्षात काही दिवशी अधिकही जात असेल. एका हेक्टरवरून सात मिलिमीटर म्हणजे ७० हजार लिटर, सात टँकर. लोक म्हणतात, बघा, वाया गेलं. पण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती आसपासच्या हवेतून आणि उन्हातून घेतली जाते. ७० हजार लिटरसाठी ती होते सुमारे ४७ हजार युनिट. तीच उष्णता हटवायची तर दीड टनाचे पावणेचारशे एसी चोवीस तास चालू ठेवावे लागतील. एका हेक्टरच्या तळ्याला. एसी खोलीतली उष्णता काढून गल्लीत टाकतो, वर स्वतःची भर घालतो; तळं ती वाफेबरोबर वर पाठवतं. तळ्याचा गारवा वाऱ्यावर विरून जातो, खोलीत कोंडता येत नाही, म्हणून त्याची किंमत कुणाच्या बिलात येत नाही. पण तळं बुजवून बांधलेल्या घरांच्या भिंतींवर नंतर एसीचे बाहेरचे डबे लटकतात, त्यांचं बिल येतंच.

पाण्यातल्या जिवांची मोजदाद करायची तर शाळेतली जुनी अंकमोजणी बाहेर काढावी लागते. गोड्या पाण्याच्या तळ्यात एका मिलिलिटरमागे साधारण दहा लाख जिवाणू असतात. हेक्टरभर, मीटरभर खोल तळ्यात ते झाले एकावर सोळा शून्यं. एकं, दहं, शतं करत परार्धाला पोचायच्या एक पायरी आधी हा आकडा येतो. भास्कराचार्यांच्या क्रमात त्याचं नाव ‘मध्य’. पृथ्वीवरच्या आठ अब्ज माणसांत हे जिवाणू वाटले तर प्रत्येकाला साडेबारा लाख येतील. सांडपाण्यातली घाण खाऊन पाणी पुन्हा पाण्यासारखं करण्याचं काम हे बिनपगारी करतात. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांच्या पाणथळीत हेच होतं. शहराचं सांडपाणी तिथे मासळी आणि भाजीपाला होऊन शहरात परत येतं.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात, कारण पक्ष्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. जायकवाडीसारख्या मराठवाड्यातल्या जलाशयांवर हिवाळ्यात उतरणारा पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतो. वजन दोन-तीन किलो, आणि उपकरण बांधून नोंदवलेली त्याच्या उड्डाणाची कमाल उंची ७,२९० मीटर. एवढा उडून आल्यावर त्याला हवं असतं ते मोकळं पाणी, गवताळ काठ आणि थोडी शांतता. शेकाट्या, टिटवी, तुतारी यांना तर वीतभर, फार तर फूटभर पाणी लागतं. इथेच आपल्या ‘सुशोभीकरणा’चा घोळ होतो. हेक्टरभराच्या गोल तळ्याचा काठ साडेतीनशे मीटर. काठ वीस फुटांना एक फूट असा हळू उतरत असेल, तर फूटभर खोलीपर्यंतची चिखलाची पट्टी सुमारे २० गुंठे भरते. त्याच काठाला उभं दगडी पिचिंग केलं, वर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि रंगीत दिवे लावले, की ही पट्टी होते शून्य गुंठे. तळं तेवढंच, पाणी तेवढंच, निधी खर्ची पडलेला, आणि पक्षी गेलेले. भर घालून मारलेल्या तळ्याबद्दल निदान कुणी तक्रार तरी करतं.

बुजवलेल्या तळ्यावर घर उभं राहिलं की मग काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर २८ जानेवारी २०११ ला आला होता. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावचं तळं. त्यात भर घालून काहींनी घरं बांधली आणि प्रशासनाने पैसे घेऊन ती नियमित करायचं ठरवलं. जगपाल सिंग खटल्यात न्यायालयाने ते रद्द केलं, आणि बांधकामावर कितीही पैसा खर्च झाला असो, त्या सबबीवर गावतळं कुणाला देता येणार नाही असं बजावलं. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला. घर बांधून बसलेल्या माणसाला कागद मिळावा, यात वावगं नाही. पण या सगळ्या कायद्यांत गुंठा मोजला जातो तो क्षेत्रफळाने. त्याची उंची, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो किती खाली आहे, ही गोष्ट अर्जाच्या कुठल्याच रकान्यात नाही.

हा रकाना घालायला मोठा कायदा लागत नाही, असं मला वाटतं. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना, परभणीलाही, एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. दहा एकरांच्या लेआऊटमध्ये एक एकर. ही जागा नकाशावर कुठे दाखवायची, ते बहुधा लेआऊट काढणारा ठरवतो. साहजिकच विकायला अवघड असलेला कोपरा, तिरका तुकडा, वीजतारांखालची पट्टी तिच्या वाट्याला येते. मग तिथे एक घसरगुंडी, एक झोपाळा आणि नगरसेवकाच्या नावाची पाटी.

आता ती एक एकर जागा लेआऊटच्या सर्वांत खालच्या अंगाला ठेवा आणि सरासरी मीटरभर खोल राहू द्या, काठ उतरता, पिचिंग नको. त्यात मावतं ४० लाख ४७ हजार लिटर. दहा एकरांवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी किती? ४० लाख ४७ हजार लिटर. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. योगायोग नव्हे, साधं गणित आहे: दहावा हिस्सा जमीन, मीटरभर खोल, म्हणजे संपूर्ण जमिनीवर शंभर मिलिमीटर. त्यातलं काही मातीत मुरणार, म्हणजे जागा उरणारच. नियमाने जी टक्केवारी मुलांच्या खेळण्यासाठी ठरवली, तीच परभणीच्या एका अतिवृष्टीला पुरून उरते. आणि वर्षातले सात-आठ महिने त्या जागेचा बराचसा भाग कोरडाच असतो; तिथे क्रिकेट खेळायला कुणाची हरकत नाही.

यासाठी मंजुरीला येणाऱ्या प्रत्येक रेखांकनावर अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा मागाव्या लागतील. मोजणीवाल्याचं दोन दिवसांचं काम. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशाही सोबत ठेवता येईल: १:१०,००० चा नकाशा असेल तर त्यावरचे तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे तीस मीटर, आणि तीस गुणिले तीस म्हणजे नऊ गुंठे. उपग्रहाच्या नकाशात २२१ गुंठ्यांचं तळं नुसता ठिपका होतं. गावनकाशावर नऊ गुंठ्यांचा डोहही रेषेने काढता येतो. प्लॉट घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी तलाठ्याकडे जाऊन तो नकाशा एकदा बघावा, आणि जागा बघायला मे महिन्यात न जाता पोळ्याच्या सुमारास जावं.